आंदणाच्या कलमा

धोंडबाच्या पन्हेरीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, संत्र्याची कलम मिळवायची म्हणजे पोरगी मागायला जाण्याइतकी कटकट होती. नरखेड तालुक्यात पन्हेऱ्या काय कमी होत्या? पण लोक बंड्या जुंपून धोंडबाकडेच यायचे आणि मुकाट्याने त्याची उलटतपासणी सोसायचे. विहिरीला पाणी किती? जमीन निचऱ्याची की चिबड? घरात झाडाकडे लक्ष देणारं कोण? उत्तर मनाला आलं नाही तर म्हातारा तोंडावर सांगायचा, "नाही जमत, बापा. दुसरीकडं पाहा." एका पाटलालाही त्याने असंच रिकाम्या बंडीनिशी परत धाडलं होतं. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, म्हणून हा सगळा नखरा खपून जायचा.

एकदा पसंती पडली की मात्र त्याचा सूर बदलायचा. कलमा उपटायच्या, मुळ्या झटकायच्या, गठ्ठे बांधायचे आणि मग आपल्या वाफ्यातली काळी माती ओंजळीने फडक्यात भरून ती पुरचुंडी गठ्ठ्याशेजारी ठेवायची. "पोट्टी सासरी चालली जी. खड्ड्यात पह्यले ही माहेरची माती टाकजा, मंग तुमची." लोक हसायचे, पण टाकायचे. धोंडबाच्या कलमा लागतात त्या मातीच्या गुणाने, असं बायाबापड्या खात्रीने सांगत.

त्याची सख्खी पोरगी एकच, जयवंता. तिच्या लग्नात मांडवात बसून त्याने लेकीजावयाचे पाय धुतले, भांडीकुंडी बेताची दिली, पण आंदण म्हणून अख्ख्या बागेच्या कलमा दिल्या. सोबत पुरचुंडी नव्हे, बंडीभर माती. जावई रुपराव सरळ माणूस. त्याने विहिरीजवळचा चांगला तुकडा निवडून बाग लावला. बाग वाढला, फळाला आला, नागपूरच्या बाजारात त्या संत्र्यांचं नाव झालं. जयवंताच्या पोटी मूल मात्र झालं नाही. ती झाडांनाच लेकरं म्हणायची, आणि तिची सासू बायजाबाई तेही चालवून घ्यायची, कारण लेकरं कमावती होती.

आणि मग बुंध्यांना डिंक सुटला.

आधी एका झाडाला, मग पाटाच्या ओळीने पुढच्या. जमिनीलगतची साल फाटायची, तिच्यातून तांबूस डिंक ओघळायचा, पानांच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि एखाद्या वर्षी ते झाड भलतंच लदबदून फळायचं आणि उभ्याउभ्या वाळून जायचं. रोगाला लोक डिंक्या म्हणायचे. नाव ठेवून झालं, औषध कोणाकडेच नव्हतं. झाड पिवळं दिसलं की जयवंताचा जीव कासावीस व्हायचा. ती त्याच्या बुंध्याशी माहेरची माती टाकायची आणि वरून पाणी द्यायची, पुन्हा पुन्हा द्यायची. माती संपली की निरोप जायचा आणि धोंडबा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पिशवी पाठवायचा. हा येणाराजाणारा बहुतेक वेळा चंद्रभान असायचा.

चंद्रभान जयवंताचा धाकटा भाऊ. नागपूरला सदरमधल्या एका जुन्या बंगल्यात झाडांच्या रोगांची छोटीशी प्रयोगशाळा होती, तिथे तो संशोधन सहायक होता. गावाच्या लेखी तो मशिनीतून रोग पाहणारा माणूस. त्या वर्षी पोळ्याला तो बहिणीकडे गेला तेव्हा बांधापाशीच थबकला. निम्मा बाग पिवळा पडला होता. रुपराव घरालगतच्या बांधावर बसून होता.

"दसऱ्यापर्यंत थांबतो, चंद्रभान," तो म्हणाला. "मंग कुऱ्हाड लावतो. गहू तरी पेरता येईन."

बायजाबाई ओट्यावरून ऐकत होती. तिला बोलायचंच होतं. "बापानं आंदण देल्लं, पन रोगट देल्लं. बाजूच्या बागेत कुठं हाये डिंक्या? त्याईनं दुसऱ्या पन्हेरीच्या कलमा आनल्या. आमीच भुललो नावाले."

जयवंता भावाला घेऊन बागेत गेली, पार शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिथे तिने त्याचा दंड धरला. "दोन सालं झाली, रोज हेच ऐकून राहिली मी. जेवतानी, निजतानी. तू मशिनीतून पाहतं ना? मंग पाहून सांग. बाग गेला तं जाऊ दे. पन माह्या बापाच्या कलमा निरोग्या होत्या, एवढं सांग या घराले. कागदावर लिहून आन, साहेबाची सही आन."

"आनतो, बाई," चंद्रभान म्हणाला. त्याला तेव्हा त्यात अवघड असं काही वाटलंच नाही. बापाची पन्हेरी त्याच्या डोळ्यांसमोर होती, हिरवीगार, एक पान पिवळं नसलेली. नागपूरला परतताना तो बापाकडे एक रात्र राहिला, आणि निघताना धोंडबाने नेहमीप्रमाणे पिशवी त्याच्या हातात दिली. "पुढच्या खेपेले जाशीन तवा जयवंताले देजो."

प्रयोगशाळेत डिंक्याच्या साली बऱ्याच दिवसांपासून येत होत्या. सालीचा तुकडा काचेच्या बशीत ठेवला की पांढरट गुलाबी बुरशी कापसासारखी फुगून यायची. प्रयोगशाळेचे प्रमुख गणपतराव म्हणायचे, हीच ती. चंद्रभानला पटायचं नाही. तीच बुरशी त्याने निरोगी रोपाच्या सालीत चीर देऊन भरून पाहिली होती. रोप ढिम्म. ही मेल्या सालीवर ताव मारणारी होती. जिवंत झाडाला मारणारं दुसरंच कोणी होतं आणि ते बशीत यायला तयार नव्हतं. पोळ्यानंतर तो हट्टालाच पेटला. जुनी मासिकं उपसताना त्याला एक युक्ती सापडली. हा चोर बशीतल्या जेवणाला भुलत नाही, त्याला पाणी लागतं आणि जिवंत फळ लागतं. संशयाची माती पाण्यात कालवायची आणि त्यात एक टणक लिंबू तरंगत ठेवायचं. मातीत चोर असेल तर तो पोहत येऊन लिंबाला चावतो.

गणपतरावांनी ऐकून घेतलं. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. "रोगी मातीत सापडलं म्हणून काय सिद्ध होतं? शेजारी निरोगी माती ठेवा. तिच्यातलं लिंबू चांगलं राहिलं पाहिजे. ते दाखवा, मी सही करतो."

निरोगी माती! चंद्रभानला हसूच फुटलं. त्याच्या टेबलाखाली पिशवीभर पडली होती.

त्याने तीन बरण्या मांडल्या. पहिलीत पोळ्याला सालीबरोबर आणलेली जयवंताच्या बागेतली माती, दुसरीत बापाच्या पन्हेरीतली, तिसरीत नुसतं नळाचं पाणी. तिन्हींत एकेक लिंबू. एका दगडात दोन पक्षी मरणार होते. चोरही सापडणार होता आणि बापाच्या मातीची साक्षही निघणार होती. बायजाबाईसमोर तो कागद कसा वाचून दाखवायचा, हेही त्याने मनात घोळवून ठेवलं.

आठवडा उलटायच्या आत पहिल्या बरणीतल्या लिंबाला तपकिरी डाग पडला. डागाच्या कडेचा कण त्याने काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. इवल्या इवल्या पिशव्या दिसत होत्या, गंमत म्हणजे लिंबाच्याच आकाराच्या, टोकाशी निमुळत्या. त्याने गार पाण्याचा थेंब सोडला आणि श्वास रोखून बघत राहिला. एक पिशवी टोकाशी फुटली. आतून ठिपके निघाले आणि सैरावैरा पोहायला लागले. फायटोफ्थोरा! पुस्तकात चित्र पाहिलं होतं, आज जिवंत पाहिली. पाण्यातून पोहणारी बुरशी. म्हणूनच रोग पाटाच्या ओळीने जात होता, या आळ्यातून त्या आळ्यात. चंद्रभानने टेबलावर थाप मारली. त्याला नाचावंसं वाटत होतं.

त्याच आनंदात त्याने दुसरी बरणी उचलली, सहज, गोल फिरवली. लिंबाच्या मागच्या अंगाला डाग होता.

पहिला विचार आला तो स्वतःला शिव्या घालण्याचा. चमचा तोच वापरला असणार. हात धुतले नसणार. त्याने दुसऱ्या बरणीतला कण पाहिला. त्याच पिशव्या, तेच पोहणारे ठिपके. तिसऱ्या बरणीतलं लिंबू तेवढं पिवळंधमक होतं. त्याने पहिल्या दोन्ही बरण्या ओतून, उकळत्या पाण्याने धुऊन टाकल्या. गणपतरावांना सांगितलं, "माझी चूक झाली साहेब. पुन्हा करतो."

पहिल्या एस.टी.ने तो गावी गेला. पिशवीतली माती जुनी, कुठे कुठे फिरलेली. ताजी माती हवी होती. धोंडबा वाफ्यात उकिडवा बसून रोपांवर डोळे बांधत होता.

"बाबा, थोडी माती पाह्यजे. परीक्षेसाठी."

"माह्या मातीची परीक्षा!" म्हातारा खूश झाला. "घे ना गा. पाहिजे तेवढी घे. साहेबाले म्हनाव, अशी माती तुले नागपुरात भेटनार नाही." त्याने चंद्रभानला हात लावू दिला नाही. वाफ्यावाफ्यातून फिरून, खडे निवडून त्याने स्वतः दर वाफ्याची वेगळी पुरचुंडी बांधून पिशवीत भरली आणि वर फडकं बांधताना विचारलं, "जयवंताचा बाग कसा हाये?"

"पाहून राहिलो," चंद्रभान म्हणाला. पिशवी काखेत मारून तो एस.टी.कडे वळला.

या वेळी त्याने कशातच कसूर ठेवली नाही. बरण्या उकळल्या, लिंबं स्पिरिटने पुसली, प्रत्येक वाफ्याच्या मातीला वेगळी बरणी. रोज सकाळी ऑफिसला जाताना तो सीताबर्डीच्या टेकडीखाली सायकल लावून गणपतीला हात जोडायला लागला. एरवी हा माणूस देवळापाशी चपला राखायला थांबणारा. आता देवाला काय मागायचं, तर लिंबू सडू देऊ नको. स्वतःचंच त्याला हसू यायचं आणि रडूही यायचं.

लिंबं सडली. वाफा कोणताही असो, एकूण एक सडली.

मग त्याने फळीवरच्या सालीच्या पुड्या काढल्या. गावोगावच्या बागाईतदारांनी पाठवलेल्या, वर गावाचं नाव लिहिलेलं. ती नावं त्याला पोरपणापासून पाठ होती. या साऱ्या गावांच्या बंड्या त्याने बापाच्या अंगणात उभ्या राहिलेल्या पाहिल्या होत्या, त्यांच्या बैलांना पाणी दाखवलं होतं. पुड्या तशाच हातात घेऊन तो स्टुलावर बसला. बायजाबाई नुसत्या जिभेच्या चटकेपायी जे बोलत होती, ते शब्दाशब्दाने खरं होतं. आंदण रोगट होतं. कोवळ्या कलमा त्या मातीत हिरव्यागार दिसायच्या, पण चोर मुळीला धरून सासरी जायचा आणि वरून बाप त्याच्यासाठी पुरचुंडीची शिदोरी बांधून द्यायचा. जयवंता तर तीच माती आजारी झाडांना औषध म्हणून चारत होती. ती पिशवी कोणी नेऊन दिली होती? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोंब मारायची तरी कोणाच्या नावाने?

दसरा तोंडावर आला होता. दसऱ्यानंतर धोंडबाच्या पन्हेरीतून नव्या कलमा निघायच्या, नवीन गावांना, नव्या पुरचुंड्यांसह. चंद्रभान रोज ठरवायचा, उद्या जाऊन सांगू, आणि रोज काहीतरी काम काढून राहायचा.

तो काही गेला नाही, तेव्हा जयवंताच आली. भर दुपारी, एकटी, हातात संत्र्याची वाळकी डहाळी घेऊन ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. सदरच्या त्या मोठ्या रस्त्यांवर विचारत विचारत आली होती. पायात धूळ, कपाळाला घाम. चंद्रभानने तिला पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "कुऱ्हाडवाल्याले सांगून ठेवलं त्याईनं. मले आता तुह्या कागदाबिगर घरी जाता येत नाही."

तेवढ्यात तिची नजर बरण्यांवर गेली. "हे काय हाये गा? लिंबं कायले ठेवले?"

त्याने सांगितलं. काय सांगावं हे ठरवायच्या आत तोंडातून निघूनच गेलं. मातीत रोग असला तर लिंबू सडतं, नसला तर चांगलं राहतं.

"अन् बाबाची माती कोनती?"

चंद्रभानने बोट दाखवलं. नुसत्या नळाच्या पाण्याची बरणी होती ती. पाणी नितळ, लिंबू पिवळंधमक.

जयवंताने पदर सावरला आणि त्या बरणीला हात जोडले. "मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "मले ठाऊकच होतं." ती रडत होती आणि हसत होती. कितीतरी महिन्यांत बहिणीला हसताना त्याने पाहिलं नव्हतं. राहू द्यावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. खोटं तर खोटं, दोन ओळी लिहून द्याव्यात, सही मागून मिळवता येईल. बाग तर तसाही तुटणार आहे. तिच्या बापाचं नाव तेवढं तिच्याजवळ राहील.

डोळे पुसत ती वाकली आणि टेबलाखालून पिशवी ओढली. धोंडबाच्या हातची गाठ तिने लांबूनही ओळखली असती. "ही माह्यासाठीच देली ना बाबानं? चांगलं झालं. ज्या झाडाइले अजून लागलं नाही, त्याइले तरी टाकतो. आता तं सासूबाईबी नाही म्हननार नाही."

ती पिशवी उचलायला लागली आणि चंद्रभानने पिशवीचं दुसरं टोक धरलं.

"राहू दे, बाई."

"काहून?"

"राहू दे म्हनतो ना."

तिने ओढली. त्याने सोडली नाही. भाऊबहीण लहानपणी खाऊसाठी ओढाताण करायचे तसे ते मधल्या टेबलावरून त्या मातीसाठी झटत होते, आणि मग जयवंताचा हात ढिला पडला. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मग बरण्यांकडे पाहिलं. एका बरणीत माती होती आणि लिंबू सडलेलं होतं, दुसरीतही तसंच, तिसरीतही. ज्या बरणीला तिने हात जोडले होते तिच्या तळाशी मातीचा कणसुद्धा नव्हता. शेतकऱ्याच्या पोरीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुमच्या घरी बंडीभर गेली होती," चंद्रभान म्हणाला. "बाकी मीच आनून देत होतो."

जयवंता स्टुलावर बसली. ती डहाळीची वाळकी पानं एकेक तोडत राहिली. आपण ओंजळी भरभरून काय घातलं आणि कोणाला घातलं, हे तिच्या ध्यानात येत होतं, आणि ते तिच्या तोंडावर उमटताना पाहणं चंद्रभानला सोसवेना.

"बाबाले सांगू नको," शेवटी ती म्हणाली. "मी ऐकून घेईन सासूबाईचं. जलमभर ऐकून घेईन. पन त्याले सांगू नको, चंद्रभान. मरून जाईन तो."

"दसऱ्यानंतर कलमा निघतीन, बाई. अजून किती जनीच्या घरी जाईन ही माती."

तिने पुन्हा भावाचा दंड धरला, बागेत धरला होता तसाच. मग तो सोडला आणि उठून ती एस.टी.ला निघून गेली. पिशवी तिथेच राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभान गावी पोहोचला तेव्हा अंगणात पहिली बंडी लागलेली होती. लांबच्या गावचा तरणा शेतकरी होता. तपासणीत पास झाल्याच्या आनंदात तो बैलांच्या पाठी थोपटत होता. धोंडबा वाफ्यात बसून पुरचुंडी बांधत होता.

चंद्रभान त्याच्यासमोर मातीतच बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबला असता तर त्याच्याने पुढे बोलवलं नसतं.

"माह्या मातीत?" धोंडबा म्हणाला. त्याने ओंजळीतली माती नाकाशी नेली. "वास तं चांगला हाये." मग त्याने ती हळूहळू बोटांतून गळू दिली आणि विहिरीकडे पाहत राहिला. "या वाफ्याच्या जागी आपली जुनी झाडं होती. तू रांगत होता तवा. दोन-चाराइले डिंक आला अन् मेली. मी म्हटलं, म्हातारी झाली. खोदून काढली अन् इथंच पन्हेरी टाकली. माती मोठी काळीशार होती गा."

"तुमाले कसं कळनार होतं, बाबा? मले नाही कळलं."

म्हाताऱ्याने ते ऐकलं की नाही कोणास ठाऊक. गुडघ्यावर हात टेकून तो उठला, बंडीपाशी गेला आणि चढवलेले गठ्ठे खाली उतरवायला लागला.

"बापा, कलमा भेटनार नाही," तो त्या शेतकऱ्याला म्हणाला.

तरणा पोरगा गडबडला. "काय चुकलं जी माह्यं? पानी हाये, जमीन निचऱ्याची हाये..."

"तुमचं नाही चुकलं."

त्या दिवशी धोंडबाने पन्हेरी उपटली. स्वतः, ओळीने. चंद्रभान मदतीला वाकला तर त्याने हाताने बाजूला सारलं. ढीग झाला, वर तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या टाकल्या आणि पेटवून दिला. ओल्या कलमा जळत नव्हत्या, नुसता धूर होत होता आणि म्हातारा त्या धुरात खोकत उभा होता. चंद्रभानला हंबरडा फोडावासा वाटला, पण बाप रडत नसताना पोराने कसं रडावं?

"जयवंताकडं जाऊ," विझल्यावर धोंडबा म्हणाला.

ते पोहोचले तेव्हा बागेत कुऱ्हाडी सुरू झाल्या होत्या. रुपराव माणसांना झाडं दाखवत होता. बायजाबाई भाकरी घेऊन आलेली होती आणि बांधावर टेकली होती. जयवंता एका बुंध्याशी बसून होती. चंद्रभान मोरचूद आणि चुन्याची पोती घेऊन आला होता. मातीच्या चपला बांधाबाहेरच काढून तो धावत रुपरावकडे गेला. ज्या झाडाची साल चहूकडून सडली ते गेलं, पण जिथे अर्धी साल जिवंत आहे ते झाड जगू शकतं. बुंध्याची माती ओढून काढायची, साल खरवडून मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा, पाणी खोडाला शिवू द्यायचं नाही. सगळी नाही वाचणार, भाऊजी. पण सगळी तोडू नका. रुपरावने कुऱ्हाडवाल्यांना हात केला, तसे ते थांबले.

धोंडबा मात्र बांधाबाहेरच उभा होता. एक पाऊल त्याने आत टाकलं नाही.

"विहीनबाई!" तिथूनच त्याने हाक मारली. आवाज अख्ख्या बागेत गेला. "तुमी खऱ्या होत्या जी. आंदण रोगटच होतं. माह्याच मातीतून आलं."

बायजाबाई उठून उभी राहिली. दोन वर्षं या एका वाक्याची वाट पाहिलेली बाई, पण ते असं पुढ्यात आल्यावर तिला ते घेता येईना. "मी तं रागानं बोलत होती जी," ती पुटपुटली. "खरं असन असं कोनाले वाटलं होतं?" आणि तिने पदर तोंडाला लावला.

"आत या ना मामाजी," रुपराव म्हणाला.

"कसा येऊ? पायाले तेच लागलं हाये." धोंडबाने आपल्या पायांकडे पाहिलं. टाचांच्या भेगांत पन्हेरीची काळी माती गच्च बसलेली होती, जन्माची.

जयवंता उठली. विहिरीवर जाऊन तिने बादली भरली, तिच्यात चुन्याची मूठ टाकली आणि ती बांधाकडे आली. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत धोंडबाने आजवर पाळली होती; बादली पाहून तो मागे सरकला.

"प्याले नाही आनलं, बाबा," ती म्हणाली. "पाय पुढं करा."

लग्नात ज्याने तिचे पाय धुतले होते त्याने पाय पुढे केले. ती खाली बसली आणि घासायला लागली. भेगांतून, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून ती माहेरची माती काढत होती. चुन्याने तिचे हात सोलवटत होते आणि पाणी बांधापलीकडे, बागेपासून लांब वाहत होतं. म्हाताऱ्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तो रडला. चंद्रभान पाहत उभा राहिला. मागे कुऱ्हाडी पुन्हा सुरू झाल्या, जी झाडं गेलीच होती त्यांच्यावर.

पाय स्वच्छ झाले तरी जयवंताने ते सोडले नाहीत.

"आता येजा तं रिकाम्या हातानं येजा, बाबा," ती म्हणाली. "पन येजा."